मनगटावरच्या सेन्सरने झोप मोजायची तर: क्रम, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

यंत्र मनगटावर बांधलं, आठवडाभर वापरलं, फाइल उतरवली आणि सॉफ्टवेअरने दिलेले आकडे तक्त्यात भरले. बरेचजण झोप अशीच मोजतात आणि इथेच फसतात. हालचालीवरून झोप की जाग ते ठरवणाऱ्या सूत्रात सहसा चूक नसते. रात्र कुठून कुठपर्यंत धरायची हे नीट ठरलेलं नसतं, यंत्राचं घड्याळ पुढे-मागे असतं, टेबलावर काढून ठेवलेलं यंत्र ‘गाढ झोपलेलं’ दिसतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे या लेखात सूत्रांपेक्षा तयारी आणि नोंदी यांना जास्त जागा दिली आहे. स्वतःची झोप पाहायची असो किंवा अभ्यासासाठी इतरांची मोजायची असो, क्रम हाच ठेवा.

## टप्पा 1: काय मोजता येतं हे आधी ठरवा

मनगटावरच्या यंत्रात अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. तो तीन अक्षांवरचं त्वरण नोंदवतो आणि हे त्वरण ‘जी’ या एककात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मिळतं. झोप थेट कुठेच मोजली जात नाही. बराच वेळ हात हलला नाही तर माणूस झोपला असावा, एवढाच तर्क सगळ्या पद्धतींच्या मुळाशी आहे. या पद्धतीला अ‍ॅक्टिग्राफी म्हणतात.

या तर्काची कमजोरी तुम्हाला लगेच दिसेल. अंथरुणात डोळे मिटून, न हलता, जागाच पडलेला माणूस यंत्राला झोपलेला वाटतो. मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण नोंदवणाऱ्या पॉलीसोम्नोग्राफीशी तुलना केली, तर झोपेचे क्षण ही यंत्रं साधारण 90 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखतात. जागेपणाचे क्षण ओळखण्याचं प्रमाण मात्र पुष्कळदा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली राहतं. म्हणून एकूण झोप थोडी जास्त दिसते आणि झोप लागायला लागलेला वेळ व मध्ये जाग आल्याचा वेळ कमी दिसतो. निद्रानाश असलेल्यांमध्ये हा फरक वाढतो, कारण तेच सर्वांत जास्त वेळ निश्चल आणि जागे असतात.

कशासाठी वापरावं: झोपण्या-उठण्याच्या वेळा, त्यांतली नियमितता, कामाच्या दिवसांत आणि सुटीच्या दिवसांत पडणारा फरक, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचं वेळापत्रक, उपचारापूर्वी आणि उपचारानंतर झोपेच्या कालावधीत होणारा बदल.

कशासाठी वापरू नये: झोपेच्या अवस्था सांगण्यासाठी आणि श्वास अडखळण्याचं निदान करण्यासाठी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे: झोपेत वारंवार पाय झटकण्याच्या विकारासाठी स्नायूंच्या विद्युत तपासणीऐवजी अ‍ॅक्टिग्राफी वापरू नये.

सावधान: हाताला कंप असेल, तो हात लुळा असेल किंवा प्लास्टरमध्ये असेल, तर नेहमीच्या सूत्रांचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. ही चौकशी यंत्र देण्याआधीच करा.

## टप्पा 2: यंत्र निवडा आणि सेटिंग एकदाच ठरवा

पहिला प्रश्न असा की यंत्रातून कच्चा डेटा, म्हणजे त्वरणाचे मूळ आकडे, बाहेर काढता येतो का. संशोधनासाठीची यंत्रं, उदाहरणार्थ अ‍ॅक्टिग्राफ, जेनिअ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्सिव्हिटी, तो देतात. बाजारातली बहुतेक स्मार्ट घड्याळं फक्त तयार निकाल दाखवतात. त्यांचं आतलं सूत्र बंद असतं आणि सॉफ्टवेअर अपडेटसोबत बदलू शकतं. मार्चमधला आकडा आणि जूनमधला आकडा वेगवेगळ्या सूत्रांनी निघाला असेल, तर त्यांची तुलना कशी करणार? रोजचा अंदाज घ्यायला स्मार्ट घड्याळ पुरतं. महिनोन्महिन्यांची तुलना किंवा अभ्यास करायचा असेल, तर कच्चा डेटा देणारंच यंत्र घ्या.

मग पुढच्या गोष्टी ठरवून लिहून ठेवा:

- सॅम्पलिंगचा वेग. सहसा सेकंदाला 30 ते 100 नोंदी. वेग वाढला की बॅटरी आणि मेमरी लवकर संपते. ठरलेले सगळे दिवस यंत्र टिकेल का, ते आधी पाहा.
- एपॉक. हालचाल ज्या तुकड्यांत मोजली जाते तो कालावधी, साधारणपणे 30 किंवा 60 सेकंद. तुम्ही वापरणार असलेलं सूत्र ज्या एपॉकवर तपासलेलं आहे, तोच ठेवा.
- घड्याळ. यंत्र ज्या संगणकावरून सुरू करता, त्याची वेळ आधी इंटरनेटवरून जुळवा. यंत्र तीच वेळ उचलतं.
- सुरुवातीची वेळ. रात्री सुरू करू नका. दुपारची वेळ ठेवा, म्हणजे पहिली रात्र पूर्ण मिळते.

सगळ्या सहभागींसाठी ही सेटिंग अगदी तीच ठेवा. अर्ध्या लोकांना 30 सेकंदांचा आणि उरलेल्यांना 60 सेकंदांचा एपॉक दिला, तर शेवटी दोन वेगळे अभ्यास हातात येतात.

पडताळणी: यंत्र कुणाच्या मनगटावर जाण्याआधी ते सपाट टेबलावर सहाही बाजूंनी, प्रत्येकी एक-दोन मिनिटं स्थिर ठेवा. जी बाजू वर असेल त्या अक्षावर साधारण 1 किंवा उणे 1 जी आणि बाकी दोन अक्षांवर शून्याच्या जवळपासचा आकडा यायला हवा. नंतर मोबाइलवर वेळ पाहून यंत्रावर बोटाने तीनदा ठळक टिचक्या मारा आणि ती वेळ सेकंदासकट लिहून घ्या. यंत्र परत आल्यावर पुन्हा तसंच करा. आलेखात हे तीन टोकदार उंचवटे लिहिलेल्या वेळेवर दिसले नाहीत, तर घड्याळ किती सरकलं ते तिथेच कळतं. पाच मिनिटांचं हे काम आहे आणि ते टाळणाऱ्यांना नंतर अख्ख्या आठवड्याचा डेटा संशयाने पाहावा लागतो.

## टप्पा 3: घालण्याचे नियम

यंत्र कमी वापरातल्या हातावर घाला. उजवे असाल तर डाव्या. बहुतेक सूत्रं याच हातावर तपासलेली आहेत. अपवाद आहेत, यूके बायोबँकच्या मोठ्या पाहणीत जास्त वापराच्या हातावर यंत्र घातलं होतं. पण जो हात ठरवाल तो शेवटपर्यंत बदलायचा नाही, आणि कोणता हात ते नोंदवायचं.

यंत्र मनगटाच्या बाहेर आलेल्या हाडाच्या थोडं वर, कोपराच्या दिशेला बसवा. पट्टा इतपत घट्ट की यंत्र फिरू नये आणि इतपत सैल की खाली एक बोट जाईल. ढिल्या पट्ट्यात यंत्र स्वतःच हलतं आणि ती हालचाल माणसाच्या नावावर जमा होते. बाहीवरून घालू नका.

यंत्र दिवसाही अंगावर असू द्या. फक्त रात्री घातलं तर दोन अडचणी येतात. एक तर दुपारच्या डुलक्या सुटतात. दुसरं म्हणजे संध्याकाळच्या हालचालीवरून झोपेची सुरुवात ओळखायला जी उतरण लागते, ती आलेखात मिळत नाही.

किती दिवस? किमान सात सलग रात्री, ज्यांत कामाचे आणि सुटीचे दोन्ही दिवस असतील. जमत असेल तर चौदा. झोपेचं वेळापत्रक फार विस्कळीत असेल तर चौदाच ठेवा. दोन-तीन रात्रींवरून कुणाच्याही झोपेबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावधान: घाम किंवा पाण्याने पट्ट्याखाली पुरळ येऊ शकतं. आंघोळीनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे करायला सांगा. त्वचा लाल झाली तर यंत्र काढायचं आणि ती वेळ लिहायची. गुपचूप दुसऱ्या हातावर घालायचं नाही.

## टप्पा 4: झोपेची नोंदवही, जिच्यावाचून बाकी सगळं लंगडं पडतं

सर्वांत जास्त आकडे इथे बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबा.

यंत्राला हालचाल कळते, हेतू कळत नाही. दहाला अंथरुणात पडून तासभर मोबाइल पाहिला आणि अकराला झोपायचं म्हणून दिवा मालवला, हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून रोज एक छोटी नोंद हवी. 2012 मध्ये झोपतज्ज्ञांनी एकमताने ठरवलेला नोंदवहीचा एक प्रमाणित नमुना उपलब्ध आहे. त्याच धर्तीवर पुढचे प्रश्न पुरतात:

1. अंथरुणात किती वाजता गेलात?
2. झोपण्याचा प्रयत्न किती वाजता सुरू केला?
3. झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला?
4. मध्ये किती वेळा जाग आली, आणि एकूण किती वेळ जागे होतात?
5. शेवटची जाग किती वाजता आली?
6. अंथरुणातून किती वाजता उठलात?
7. काल दिवसा डुलकी घेतलीत का? केव्हा, किती वेळ?
8. यंत्र केव्हा काढलं, केव्हा पुन्हा घातलं?

पहिला आणि दुसरा प्रश्न कधीही एकत्र करू नका. ‘किती वाजता झोपलात?’ असं विचारलं की कुणी अंथरुणात पडल्याची वेळ सांगतं, कुणी दिवा मालवल्याची, कुणी डोळा लागल्याची. तीन माणसं, तीन अर्थ, आणि तक्त्यात रकाना एकच.

नोंद सकाळी उठल्यावर तासाभरात करायची. रात्री घड्याळ पाहायचं नाही, अंदाज चालतो. मिनिटं अचूक यावीत म्हणून रात्री घड्याळाकडे बघत बसलं तर झोप आणखी उडते आणि मोजायला घेतलेली गोष्टच बदलते. आठवड्याच्या शेवटी सात दिवसांचे रकाने एका दमात भरलेले लगेच ओळखू येतात: सगळीकडे एकच शाई आणि सगळीकडे ‘11.00, 6.30’. अशा नोंदींवर विसंबू नका. शक्य असेल तर दोन-तीन दिवसांनी एक फोन करून वही भरली जातेय का ते विचारा.

आता मध्यरात्रीचा घोळ. ‘शनिवारी रात्री साडेबाराला झोपलो’ असं आपण सहज म्हणतो. तारखेने तो रविवार असतो. वहीत शनिवारची तारीख आणि 12.30 लिहिलं, आणि तक्त्यात ते शनिवार 00:30 असं चढलं, की सॉफ्टवेअर ही रात्र 24 तास आधी सुरू करतं. रविवारी सकाळी सातला उठलेल्या माणसाची रात्र साडेतीस तासांची होते. कुणी ‘12.30’ पुढे सकाळ-रात्र न लिहिल्यामुळे ते दुपारचे साडेबारा समजले गेले, हाही तसाच प्रकार. उपाय सोपा आहे: वहीच्या प्रत्येक पानावर ‘शनिवार-रविवारची रात्र’ असं आधीच छापा, वेळ 24 तासांच्या पद्धतीने लिहायला सांगा आणि तारीख तक्त्यात भरणाऱ्यानेच घालावी.

काही यंत्रांवर बटण असतं. झोपण्याचा प्रयत्न सुरू करताना आणि सकाळी शेवटची जाग आल्यावर ते दाबायला सांगा. लोक विसरतात, म्हणून बटण वहीच्या जोडीला असावं, वहीऐवजी नव्हे.

पडताळणी: यंत्र देताना कालच्या रात्रीची नोंद समोर बसवून भरून घ्या. कोणता प्रश्न समजला नाही ते तिथल्या तिथे कळतं.

## टप्पा 5: फाइल उतरवा, पण आकडे काढण्याआधी आलेख पाहा

यंत्र परत आलं की त्याच दिवशी फाइल उतरवा, मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग सगळे दिवस एकाखाली एक मांडलेला आलेख उघडा आणि डोळ्यांनी वाचा. पुढच्या गोष्टी शोधा.

यंत्र अंगावर नसलेला वेळ. झोपलेल्या माणसाचा आलेख कधीच पूर्ण सपाट नसतो. कूस बदलणं, हात सरकणं अशा छोट्या हालचाली अधूनमधून दिसतातच. तासन्‌तास एकही टोक नाही, अक्षांचे आकडे जसेच्या तसे, तर यंत्र टेबलावर होतं. कच्च्या डेटावर वापरला जाणारा एक प्रचलित निकष असा: 60 मिनिटांच्या खिडकीत तीनपैकी किमान दोन अक्षांवर प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते) 13 मिलि-जी, म्हणजे जीच्या हजाराव्या भागाच्या 13 पट, यापेक्षा कमी असेल किंवा आकड्यांची व्याप्ती (सर्वांत मोठा उणे सर्वांत लहान) 50 मिलि-जी पेक्षा कमी असेल, तर यंत्र घातलेलं नव्हतं असं धरतात. तरीही वहीशी ताळा पाहाच.

प्रवास. चालत्या गाडीत झोपलेल्या माणसाचं मनगट गाडीबरोबर हलतं आणि यंत्र त्याला जागा ठरवतं. अशी रात्र हिशेबातून वगळा आणि कारण लिहा.

वेळेचा पट्टा. सहभागी दुसऱ्या वेळक्षेत्रात गेला किंवा घड्याळं तासाने पुढे-मागे करण्याचा दिवस मध्ये आला, तर यंत्र जुन्याच वेळेवर चालत राहतं. वहीत मात्र नवी वेळ येते.

शेजारची हालचाल. त्याच अंथरुणात दुसरं माणूस किंवा पाळीव प्राणी असेल, तर गादीच्या हादऱ्यांतून थोडी हालचाल उमटते. ती काढून टाकता येत नाही, पण कोणाबरोबर झोपतात याची नोंद असलेली बरी.

## टप्पा 6: रात्रीच्या सीमा आखा

आता प्रत्येक रात्रीची सुरुवात आणि शेवट ठरवायचा. नियम आधी लिहून ठेवा, मगच पहिली रात्र उघडा. मी हा क्रम सुचवेन: आधी वही, तिच्याशी बटणाची खूण ताडून पाहा, मग यंत्र प्रकाशही नोंदवत असेल तर ती नोंद, आणि शेवटी हालचालीतली उतरण.

दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा खरी कसोटी लागते. वही म्हणते 23:00, पण 23:50 पर्यंत मनगट सतत आणि जोरात हलतंय, प्रकाशही चालू आहे. इथे वहीतली वेळ चुकली असण्याची शक्यता मोठी. पण प्रकाश बंद आहे आणि मनगट अधूनमधून हलकंसं हलतंय, तर तो माणूस झोपेची वाट पाहत तळमळत असू शकतो. तेव्हा 23:00 हीच सुरुवात ठेवायची. दुसऱ्या प्रसंगात सीमा 23:50 वर सरकवली, तर झोप लागायला लागलेली पन्नास मिनिटं हिशेबातून नाहीशी होतात. निद्रानाशाने त्रासलेल्या माणसाची मुख्य तक्रारच तुम्ही खोडून टाकता.

अभ्यास असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे सीमा आखाव्यात आणि मतभेदाच्या रात्री एकत्र बसून मिटवाव्यात.

सावधान: सॉफ्टवेअर सीमा आपोआप आखून देतं. ती सुरुवातीचा मसुदा म्हणून घ्या. प्रत्येक रात्र डोळ्यांखालून गेलीच पाहिजे.

## टप्पा 7: सूत्र निवडा आणि बदलू नका

प्रौढांसाठी कोल-क्रिप्के (1992) आणि किशोर व तरुणांवर तपासलेलं सादेह (1994) ही दोन जुनी, भरपूर वापरलेली सूत्रं आहेत. दोन्ही आजूबाजूच्या मिनिटांची हालचाल जमेस धरून त्या मिनिटाला झोप की जाग ते ठरवतात. सादेहमध्ये ही खिडकी 11 मिनिटांची असते. कच्च्या डेटासाठी 2015 पासून वापरात असलेली वेगळी पद्धत मनगटाचा कोन पाहते: किमान पाच मिनिटं कोनात पाच अंशांहून जास्त बदल झाला नाही, तर तो काळ निश्चल धरला जातो. ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकीय भाषेतल्या जीजीआयआर या मोफत पॅकेजमध्ये ती तयार मिळते.

काही यंत्रांत सूत्राऐवजी संवेदनशीलतेची पातळी निवडायची असते. अ‍ॅक्टिवॉचमध्ये ती 20, 40 किंवा 80 काउंट (यंत्राने हालचालीला दिलेला आकडा) अशी होती. आकडा जितका लहान, तितक्या कमी हालचालीलाही ‘जाग’ म्हटलं जातं. एका कंपनीचे काउंट दुसऱ्या कंपनीच्या काउंटशी जुळत नाहीत, त्यामुळे एका यंत्राची पातळी दुसऱ्यावर लावू नका.

निकाल आवडला नाही म्हणून सूत्र बदलणं ही सरळ फसवणूक आहे, स्वतःची झोप मोजत असलात तरी.

## टप्पा 8: आकडे काढा

एक रात्र घेऊ. अंथरुणात 22:40, दिवा मालवला 23:10, झोप लागली 23:32, शेवटची जाग 06:14, उठले 06:40. मध्ये जाग आल्याचा वेळ एकूण 47 मिनिटं.

- झोप लागायला लागलेला वेळ: 23:10 ते 23:32, म्हणजे 22 मिनिटं.
- झोप लागल्यापासून शेवटची जाग येईपर्यंत: 402 मिनिटं.
- एकूण झोप: 402 उणे 47, म्हणजे 355 मिनिटं, अर्थात 5 तास 55 मिनिटं.
- स्लीप एफिशियन्सी: एकूण झोप भागिले अंथरुणातला वेळ, गुणिले 100.

आता भागायचं कशाने? 23:10 ते 06:40 धरलं तर 450 मिनिटं, उत्तर 79 टक्के. 22:40 पासून धरलं तर 480 मिनिटं, उत्तर 74. फक्त झोप लागल्यापासून जाग येईपर्यंतची 402 मिनिटं धरली, तर 88. रात्र तीच, माणूस तोच, आकडे तीन. बऱ्याच ठिकाणी 85 टक्के ही बऱ्या झोपेची रेघ मानतात, म्हणजे नुसत्या व्याख्येवर माणूस रेघेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला जातो. मी दिवा मालवल्यापासून उठेपर्यंतचा वेळ धरतो. तुम्ही काहीही धरा, पण आकड्याशेजारी ते लिहा.

सरासरी काढतानाही मध्यरात्र आडवी येते. एका रात्री 23:30 आणि दुसऱ्या रात्री 00:30 ला झोप लागली, तर तक्ता सरळ सरासरी काढून दुपारचे 12 दाखवतो. म्हणून वेळ आदल्या दुपारच्या 12 पासून मोजा: 11.5 तास आणि 12.5 तास, सरासरी 12 तास, म्हणजे मध्यरात्र. दिवसा झोपणाऱ्यांसाठी मोजणीचा आरंभ त्यांच्या जागेपणाच्या मध्यावर न्या.

पडताळणी: एक रात्र कागदावर हाताने सोडवा आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहा. जुळलं नाही, तर पुढे जाण्याआधी कारण शोधा.

## टप्पा 9: निकाल लिहा आणि माणसाला समजावून सांगा

अहवालात यंत्राचं नाव आणि मॉडेल, हात, सॅम्पलिंग, एपॉक, सूत्र किंवा पातळी, सीमा आखण्याचा नियम, किती रात्री मिळाल्या, किती वगळल्या आणि का, एवढं असलंच पाहिजे. नुसत्या सरासरीबरोबर रात्रीगणिक किती चढ-उतार होता तेही द्या. सात तासांची सरासरी रोज सात तास झोपून येते, तशीच पाच आणि नऊ तासांच्या रात्रींमधूनही येते.

निकाल ज्याचा आहे त्याच्यासमोर एकेका रात्रीचे आकडे टाकू नका. एखादा वाईट आकडा पाहून धास्ती घेणारे आणि त्या धास्तीनेच पुढच्या रात्री जागणारे लोक खरोखर आहेत. आठवड्याचं चित्र दाखवा आणि यंत्र जागेपण कमी पकडतं हेही सांगा. ‘मला झोपच लागत नाही’ म्हणणाऱ्याला ‘यंत्रात तर सहा तास दिसताहेत’ असं उत्तर देऊ नका. पहिल्या टप्प्यात पाहिलेली कमजोरी नेमकी अशाच माणसाच्या बाबतीत सर्वांत मोठी असते.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांच्या लक्षात येणं, पुरेशी झोप दिसत असूनही दिवसा अनावर पेंग येणं, यांपैकी काही असेल तर आलेख कितीही चांगला दिसो, डॉक्टरांकडे पाठवा. सोबत वही आणि आलेख दोन्हींच्या प्रती द्या.